बाहेर सांगायला कोण जाणार?

संपादकांचं पत्र आलं: अपघात विभागातल्या आठवणी लिहा, शक्यतो गमतीदार. दिवाळीच्या फराळात कारल्याची भाजी कोणी वाढत नाही, हे मलाही कळतं. म्हणून गमतीपासूनच सुरुवात करतो. शेवटपर्यंत गंमत राहील याची हमी मात्र देत नाही. हमी द्यायची सवय मी नोकरीतच सोडली.

भिवापूरचा एक मिरचीचा व्यापारी होता. कुटलेल्या तिखटाची पोती ट्रकमध्ये घालून, त्यांच्यावरच बसून तो नागपूरला येत होता. उमरेडच्या अलीकडे ट्रक खड्ड्यात आदळला, एक पोतं फाटलं आणि त्यातलं तिखट याच्या डोळ्यांत, नाकात आणि धोतराच्या निऱ्यांत जाऊन बसलं. भिवापुरी मिरची ही काय चीज आहे ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. आम्ही त्याला टेबलावर घेतलं, धोतर सोडलं. डोक्यावर पंखा गरगर फिरतो आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पुढच्याच मिनिटाला खोलीतले दोन डॉक्टर, सिस्टर रोझी, हमाल आणि शेजारच्या टेबलावरचा मांडीचं हाड मोडलेला एक म्हातारा, असे आम्ही सगळे ढसाढसा रडत होतो. दाराशी त्या म्हाताऱ्याचे दहा-बारा नातेवाईक उभे होते. डॉक्टर रडताना त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांनी जो हंबरडा फोडला तो सदर बाजारातल्या दुकानांपर्यंत ऐकू गेला असेल. म्हातारा घाबरून मला विचारू लागला, "कोन मेलं गा डॉक्टर?"

तेव्हा माझा सहकारी किसन पौनीकर तोंडावर पाणी मारून बाहेर गेला आणि म्हणाला, "कोनी मेलं नाई गा. भिवापूरचं तिखट हाये. कोनाले पाह्यजे असन तं आत या, फुकट हाये." मघापासून छाती पिटणारी माणसं हसायला लागली. त्यातल्या एका बाईने तर त्याची दृष्ट काढली.

गंमत संपली. आता हा पौनीकर कोण ते सांगतो.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. नागपूर तेव्हा राजधानीचं गाव होतं, त्यामुळे कागद फार आणि माणसं कमी. अपघात विभाग म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक लांबट खोली. दोन टेबलं, उपकरणं उकळायचं एक गळकं भांडं, प्राणवायूचं एक नळकांडं आणि त्याची किल्ली सिस्टर रोझींच्या कमरेला. दिवसपाळीला आम्ही दोघं डॉक्टर. मी वरिष्ठ, पौनीकर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गाडीखाली आलेले, आंब्यावरून पडलेले, स्टोव्हने भाजलेले, कण्हेरीच्या बिया खाल्लेले, सगळे आधी आमच्याकडे. विंचू चावलेला माणूस पुष्कळदा विंचूही लोट्यात घालून आणी, डॉक्टरांना ओळख पटावी म्हणून. अशीच ओळख पटवताना एकदा विंचू लोट्यातून निघाला, तेव्हा सिस्टर रोझी रोग्याच्या टेबलावर चढून बसल्या होत्या. वैशाखात ऊन लागलेली माणसं येत. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. त्यांना ओल्या चादरीत गुंडाळायचं, बर्फाच्या लाद्या लावायच्या आणि वाट पाहायची. निम्मे उठून बसत, निम्मे बसत नसत.

आमच्या खोलीचा आणि इतर वॉर्डांचा एक फरक बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. वॉर्डातला रोगी महिनाभर आजारी असतो. घरच्यांनी मनातल्या मनात थोडी तयारी केलेली असते. आमच्याकडे येणारा माणूस सकाळी घरून धडधाकट निघालेला असतो. बायकोशी भाजीवरून भांडून निघालेला असतो. दुपारी तो टेबलावर आणि घरची माणसं बाहेर व्हरांड्यातल्या फरशीवर. तो गेला, तर कोणीतरी दार उघडून बाहेर जायचं आणि त्यांना सांगायचं. याला आम्ही 'बाहेर जाणं' म्हणत असू. कॉलेजात आम्हाला मेलेल्या माणसाची एकूण एक नस शिकवली होती. त्याच्या बापाशी काय बोलायचं ते कोणी शिकवलं नव्हतं.

या खोलीत मी तेव्हा नवा होतो. माझं पहिलं बाहेर जाणं सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. उमरेडचा एक विणकर आपल्या तरण्या मुलाला घेऊन आला होता. मुलगा विहिरीत पडलेला. आम्ही तासभर झटलो, उपयोग झाला नाही. मी बाहेर गेलो, गळ्यात नळी, अंगात पांढरा कोट, आणि उभ्या उभ्या म्हणालो, "आम्ही शक्य होतं ते सगळं केलं." त्या माणसाने माझे पाय धरले. म्हणाला, "देवमानूस हाये तुमी." आणि मुलासाठी दूध आणायला रस्त्यावर धावत गेला. मी तिथेच खांबासारखा उभा. आमचे पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात कारकून होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात रागावतानासुद्धा वाक्य पूर्ण करतात. पण साधं 'तुमचा मुलगा गेला' हे वाक्य माझ्या तोंडून फुटलं नाही.

पौनीकर नुकताच आमच्याकडे आला होता. त्याने हे दारातून पाहिलं. कोट काढला, खिळ्याला अडकवला आणि तो माणूस दुधाचा लोटा घेऊन आला तेव्हा त्याला हाताला धरून फरशीवर बसवलं. स्वतः त्याच्यासमोर उकिडवा बसला. गाव कोणतं, सोबत कोण आहे, विचारलं. गडव्यातलं पाणी प्यायला लावलं. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, तुमचा पोरगा गेला. पान्यातच गेला होता. तुमी आनला तवा जीव नव्हता." बाप बराच वेळ नुसता पाहत राहिला. पौनीकर उठला नाही. तो माणूस रडायला लागेपर्यंत तो तसाच बसून होता. मग आत आला, हात धुतले आणि पुढचा रोगी घेतला.

पौनीकर कोष्ट्याघरचा. बाप पाचपावलीत मागावर लुगडी विणायचा आणि किसन हा त्या अख्ख्या आळीतला पहिला डॉक्टर. बाहेर बसलेली माणसं त्याला आपली वाटत आणि त्यालाही ती आपली वाटत, यात त्याचा मोठेपणा होता. आम्ही त्याचा उपयोग करून घेतला, हा आमचा धूर्तपणा.

कारण त्या दिवसानंतर बाहेर जायचं काम हळूहळू त्याचंच झालं. असा हुकूम कोणी काढला नाही. मी नुसतं म्हणे, "किसन, जरा बाहेर बघतोस?" आणि तो कोट काढी. मग शस्त्रक्रियेवाले बोलावू लागले, बाळंतिणींच्या वॉर्डातले बोलावू लागले. सुट्टीच्या दिवशी शिपाई सायकलने पाचपावलीला जाई. आम्ही त्याला थट्टेने 'तारखातं' म्हणत असू. त्या काळी घरात तार आली की बायका आधी रडून घेत आणि मग ती वाचून घेत. आमच्या तारखात्याला आपलं नाव कसं वाटत असेल, हे कोणी त्याला विचारलं नाही. तोही हसायचा.

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली. मी मोजत नव्हतो, आणि मोजली असती तर घाबरलो असतो. पहिल्यांदा सिस्टर रोझींनी मला बाजूला घेतलं. त्या केरळच्या, मराठी त्यांना येत नसे. "डॉक्टर, पौनीकर साब के हाथ देखो." मी पाहिले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून निघाली होती. बाहेर जाऊन आला की तो कार्बोलिकच्या साबणाने हात धुई, आणि आता पाच-पाच मिनिटं धूत असे. मी त्याला व्हॅसलीन लावायला सांगितलं. डॉक्टर माणूस मी, मला कातडीच दिसली.

मग चैत्रात एक दिवस दुपारी त्याची बायको सुभद्रावहिनी माझ्याकडे आल्या. पौनीकर आत टाके घालत होता. वहिनी व्हरांड्यात उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, मले भेव लागते," त्या म्हणाल्या.

"का, काय झालं?"

"हे घरी येते. पह्यले गिलासभर पानी आनून माह्या हातात देते अन् म्हनते, पे. मंग समोर उकिडवे बसते. माह्या गुडघ्यावर हात ठेवते. माहा जीव असा खाली जाते भाऊजी. वाटते, माह्या मायचं काई झालं, का भावाचं झालं. अन् मंग हे काय म्हनते? म्हनते, उद्या दळन आनाचं हाये काय?"

मला हसू आलं. ते मी दाबलं, पण त्यांनी पाहिलं असावं.

"हसू नोका भाऊजी. रोज करून राहिले. सुट्टीच्या दिवशी सकायपासून मागावर बसते, दिवस मावयेपर्यंत. मामाजी म्हनते, याले मी मागावरून उठवलं अन् हा परत येऊन बसला. तुमी त्याइचे मोठे हाये. काई करा."

मी त्यांना सांगितलं की उन्हाळा आहे, काम फार आहे, पाऊस लागला की सगळं ठीक होईल. हे मी इतक्या गोड आवाजात सांगितलं की वहिनी मान डोलावून परत गेल्या. जाताना पदराने डोळे पुसत होत्या.

आता पेपर उघडला की ताण, मनःस्वास्थ्य असले शब्द दिसतात. माझी सून तर दळणाचा डबा सांडला तरी स्ट्रेस म्हणते. आमच्या वेळी दोनच प्रकारची माणसं होती. एक ठीक असलेली आणि दुसरी पागलखान्यातली. मधली जागाच नव्हती. आणि डॉक्टर तर ठीकच असायचा, तो त्याच्या नोकरीचा भाग होता.

त्यानंतर आठवड्याभरात पौनीकरने माझ्यापुढे रजेचा अर्ज ठेवला. चार दिवसांची रजा. कारण स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'मृत्यूची बातमी सांगण्याचे काम सध्या माझ्याकडून होत नाही. चार दिवस विश्रांती मिळावी.' नोकरीत लागल्यापासून त्याने मागितलेली ही पहिलीच रजा.

"किसन, असं कागदावर लिहितात का?" मी म्हणालो. "वर साहेबांनी वाचलं तर डोकं तपासायला पाठवतील तुला. जन्माचा शिक्का बसेल."

"मंग काय लिहू, सर? जे हाये तेच लिहिलं."

"काही लिहू नकोस. जूनमध्ये बघू."

त्याने अर्ज उचलला नाही. म्हणाला, "चारच दिवस मांगून राहिलो सर." मी अर्जावर लाल पेन्सिलीने 'उन्हाळा संपेपर्यंत शक्य नाही' असं लिहिलं आणि तो माझ्या टेबलाच्या खणात टाकला. वर पाठवला नाही. मी त्याला वाचवतो आहे असं मला वाटत होतं, आणि ते निम्मं खरंही होतं. उरलेलं निम्मं असं की, तो चार दिवस नसता तर बाहेर मला जावं लागलं असतं.

दहा दिवसांनी, ऐन वैशाखात, उमरेड रस्त्यावर लग्नाचं वऱ्हाड घेऊन येणारा ट्रक उलटला. भर दुपारचा एक वाजला होता. तासाभरात चौदा माणसं आमच्या खोलीत आणि व्हरांड्यात येऊन पडली. हळदीच्या अंगांना रक्त लागलेलं, बायकांच्या हातात हिरवा चुडा, त्याच्या काचा मांसात रुतलेल्या. वॉर्डांतून डॉक्टर मदतीला आले तरी टेबलं दोनच. कोणाला आधी घ्यायचं आणि कोणाला नाही, हे मी ठरवत होतो. ज्याला नंतर घेऊ म्हटलं तो नंतरपर्यंत थांबेलच असं नसतं. तीन वाजेपर्यंत तिघं गेले होते. दोनदा मी मान वर न करताच म्हणालो, "किसन, बाहेर." दोनदा तो गेला आणि आला.

तिसरी एक बाई होती, तिशीतली, नवरीची मोठी बहीण. पोटात रक्तस्राव झालेला, बाहेरून काही दिसत नव्हतं. माझ्या हाताखालीच ती गेली. मी तिसऱ्यांदा म्हणालो, "किसन, हिचं कोण आहे बघ. बाहेर जा."  कोट काढून खिळ्याला लावल्याचं मला ओझरतं दिसलं. थोड्या वेळाने तो परत आला, हात न धुताच माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि पुढच्या रोग्याचा पाय धरून मला मदत करू लागला. मी आणखी काही पाहिलं नाही.

साडेचारला धावपळ जरा ओसरली. मी पाणी प्यायला दाराशी आलो. एक म्हातारा उठून माझ्याजवळ आला. कपाळाला पट्टी, डोक्याला लग्नातला फेटा तसाच. हातात सोललेलं संत्रं होतं.

"डॉक्टर, माह्या पोरीले याच्या दोन फोडी देऊ काय?"

"कोणती तुमची मुलगी?"

त्याने नाव सांगितलं. माझ्या हातातलं फुलपात्र तसंच राहिलं.

"तुम्हाला आमच्या डॉक्टरांनी काही सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगतलं नं. त्या दुसऱ्या डॉक्टरनं. माह्याजवय बसला, मले पानी पाजलं, अन् म्हने, बाबाजी, तुमची पोरगी बरी हाये, घोर नोका करू. लय चांगला मानूस हाये."

मी आत वळून पाहिलं. पौनीकर भिंतीला टेकून खाली बसला होता आणि माझ्याकडेच पाहत होता. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की नावात गोंधळ झालेला नाही.

तेव्हा त्या दिवशी बाहेर मला जावं लागलं. मी फरशीवर बसलो. मला त्याचं काहीही आठवेना, आधी काय विचारायचं, हात कुठे ठेवायचा. मी सरळ सांगितलं, "बाबा, तुमची मुलगी तीन वाजताच गेली. आमच्या माणसाने चुकीचं सांगितलं."

म्हातारा ओरडला नाही, माझी गचांडीही धरली नाही. त्याने ते संत्रं फरशीवर ठेवलं. मग म्हणाला, "मी तं मानूस पाठवून देल्ला गावाले. चारच्या मोटारीनं गेला तो. तिच्या मायले सांगाले, का पोरगी वाचली म्हनून." थोड्या वेळाने म्हणाला, "आता तिच्या मायले दोनदा सांगा लागन, डॉक्टर."

मी माझ्या नोकरीत पुष्कळ शिव्या खाल्ल्या, दोनदा मारही खाल्ला. हे वाक्य मात्र अजून पचलेलं नाही.

गावकऱ्यांनी तक्रार केली, आणि करायलाच हवी होती. मोठ्या साहेबांनी चौकशी लावली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला कागदावर कारण हवं होतं. मी पौनीकरला आदल्या दिवशी पढवलं होतं, "नावात घोटाळा झाला म्हण. चौदा माणसं होती, कोणीही विश्वास ठेवील. ताकीद मिळेल आणि मिटेल." तो मान हलवत होता. साहेबांसमोर मात्र उभा राहून तो म्हणाला, "घोटाळा झाला नाही. ती बाई गेली हे मला माहीत होतं. म्हातारा पाणी प्यायला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून 'बरी आहे' असं निघालं. मला सांगवलं नाही." त्याच्या तोंडून इतकं शुद्ध मराठी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही याचे वरिष्ठ. याच्या प्रकृतीत काही बिघाड आहे, असं आधी कधी तुमच्या लक्षात आलं होतं?"

खणात अर्ज होता. तो साहेबांपुढे ठेवला असता तर पौनीकरचा गुन्हा अर्धा झाला असता. माणसाने वेळेवर सांगितलं होतं, मदत मागितली होती, आणि ती मी नाकारली होती. लाल पेन्सिलीतलं अक्षर माझं होतं. बढतीची माझी फाइल त्याच टेबलावरून वर जायची होती. हे सगळं मी तेव्हा इतकं नीट मांडून विचारात घेतलं असं म्हणायची सोय नाही. एका श्वासाचा अवधी होता. मी म्हणालो, "नाही साहेब. असं काही लक्षात आलं नव्हतं."

पौनीकर माझ्याकडे पाहील असं वाटलं होतं. त्याने पाहिलं नाही आणि अर्जाबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही. त्याच्या नोकरीच्या पुस्तकात 'मनःस्थिती अस्थिर, मोठ्या रुग्णालयास अयोग्य' असा शेरा बसला आणि त्याची बदली भिवापूरकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात झाली. जायच्या दिवशी मी त्याला भेटलो नाही. एक रोगी होता असं मी स्वतःला सांगितलं. रोगी खरोखरच होता. तो नेहमीच असतो.

मग बाहेर कोण जाणार? मीच. पावसाळा गेला, दसरा गेला. मला ते काम कधीच नीट जमलं नाही. बसायला शिकलो, पाणी द्यायला शिकलो, पण माझा आवाज दप्तरातलाच राहिला. घरी मी घास हातात धरून बसून राही. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं तरी मला धडधडे. मुलाने पाटी फोडली म्हणून एकदा त्याला इतकं मारलं की बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. हिला वाटे, माझा स्वभाव बिघडला. मलाही तेच वाटे.

मार्गशीर्षात एका रविवारी मी मोटारीने त्या खेड्यात गेलो. खिशात तो अर्ज होता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि ओटा. पौनीकर ओट्यावर बसून एका म्हातारीच्या कानातलं काढत होता. मला पाहून उठला, बसायला घडवंची दिली आणि म्हणाला, "बसा सर, एवढे पाच जन पाहून घेतो." चेहरा भरला होता. हात मी मुद्दाम पाहिले, बरे झाले होते. वहिनींनी आतून चहा पाठवला. त्या स्वतः बाहेर आल्या नाहीत.

रोगी संपल्यावर मी अर्ज त्याच्यापुढे ठेवला. "हा मी वर पाठवलाच नव्हता, किसन. आणि चौकशीत मी खोटं बोललो. हे सांगायलाच आलो आहे."

त्याने अर्ज वाचला नाही. आपलंच अक्षर लांबून ओळखलं. "मले मालूम होतं सर. हपिसातल्या बाबूनं चौकशीच्या पह्यलेच सांगतलं होतं, का वर अर्जच नाई आला म्हनून."

"मग तू बोलला का नाहीस? एक वाक्य बोलला असतास तर तुझ्यावर शेरा बसला नसता."

त्याने अर्जाची घडी घातली आणि तो माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "राग आला होता, सर. लय आला होता. घरी बसून तुमाले शिव्या देल्ल्या. तुमी साहेबासमोर खोटं बोलले तवा म्या तुमच्या हाताकडे पाह्यलं. हात असा कापून राह्यला होता तुमचा. मले वाटलं, हा मानूसबी माह्यासारखाच हाये. याचंबी झालं. फरक एवढाच हाये सर, का म्या अर्ज तरी केला. तुमी तोबी नाई केला."

मी तिथे त्याच्या ओट्यावर रडलो. दवाखान्यात इतकी वर्षं दुसऱ्यांची माणसं रडताना पाहिली होती, स्वतः रडण्याची रीत मला ठाऊक नव्हती. फार वेडंवाकडं झालं ते.  पौनीकर उठून गेला नाही.

शेरा मी पुढे खटपट करून काढवला, त्याला पाच वर्षं लागली. तोवर त्याला नागपूरला परत यायची इच्छा उरली नव्हती. पण ती नंतरची गोष्ट. त्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी मी माझ्या नोकरीतला पहिला रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं: 'थकलो आहे. लोकांना मृत्यू सांगवत नाही.' दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि अर्ज माझ्या हातात परत दिला. "हे असं लिहू नका, डॉक्टर. तुमच्याच भल्यासाठी सांगतो," ते म्हणाले. ते मला वाचवत होते, मी किसनला वाचवलं होतं तसंच. मी बाहेर येऊन कोरा कागद घेतला आणि त्यावर 'पोटदुखी' लिहिलं. रजा तासाभरात मंजूर झाली.